नट खोलायचं मशीन

८ जानेवारी, गुरुवार

एकही नट हलला नाही! पान्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिले, उड्या मारल्या — ढिम्म. धुकं इतकं की मागून येणारा ट्रक आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. शुभदाताईंचं लहान मुलांचं थेरपी सेंटर बघून ग्रेटर नोएडाहून परत येत होते. एक्स्प्रेसवेवर मागचं डावं चाक बसलं. जॅक होता, स्टेपनी होती, सगळं होतं. नट तेवढे उघडेनात.

दोघं बाईकवरून जाता जाता थांबले. मदतीला नाही — बघायला. "मैडम, भाईसाहब को फोन कर लो." केला भाईसाहेबांना फोन! दुसरं काय करणार होते?

विनय मीटिंग सोडून आला. येताना एका पंक्चरवाल्याला टॅक्सीत घालून आणलं. त्या माणसाकडे बॅटरीवरची गन होती, दिसायला ड्रिलसारखी. टर्रर्र, टर्रर्र — चारही नट निघाले. आणि मी केव्हाची त्या नटांपुढे नाचत होते.

येताना गाडी विनयनेच चालवली. लिफ्टमध्ये म्हणाला, "रोज या रस्त्याने जाणार तू?" तर मीच म्हटलं, असं एक मशीन घेऊन डिकीत ठेवू या. मीच! तो म्हणाला, "बरं. पण ते येईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. ठरलं?" ठरलं म्हटलं. रुजू व्हायचंय दोन फेब्रुवारीला. तोवर एक मशीन घेऊन होणार नाही का?

९ जानेवारी, शुक्रवार

विनयचा मूड आज एकदम मस्त. मला वाटलं होतं, चार दिवस तरी फुगून बसेल. ऑफिसमधून येताना ढोकळा घेऊन आला. चहा झाल्यावर लॅपटॉप उघडून बसला — इम्पॅक्ट रेंचचा, म्हणजे त्या गनचा, तक्ता! एका बाजूला कंपन्या, दुसऱ्या बाजूला ताकद, वजन, बॅटरी, वॉरंटी. "सुनीती, बस इकडे. आपण प्रॉपर्ली करू. पिवळं आवडतं तुला की लाल?"

त्याचं कामच हे. कंपनीसाठी खरेदी करतो, खुर्च्यांपासून जनरेटरपर्यंत. घरीही तसंच. आमचा फ्रिज ठरेपर्यंत अख्खा उन्हाळा गेला होता आणि आम्ही शेजाऱ्यांकडून बर्फ आणत होतो. पण आज मला राग आला नाही. माझ्या कामासाठी कोणी तक्ता करतंय, हेच किती दिवसांनी!

१२ जानेवारी, सोमवार

मीही वाचायला लागले. वेळच वेळ आहे. गाडी खाली उभी, चावी विनयच्या ऑफिसच्या बॅगेत.

कळलं ते असं. खोक्यावर जो मोठा आकडा असतो तो नट सैल करायच्या ताकदीचा, आवळायच्या नाही. आणि तोही बहुतेक वेळा फुगवलेला. आमच्या छोट्या गाडीला तीनशे न्यूटन मीटरचं मशीन भरपूर झालं. हजारवालं ट्रकला लागतं. ब्रशलेस मोटर हवी — तापत नाही, बॅटरी पुरते. पुढचा चौकोन अर्ध्या इंचाचा. नटावर बसणारे सॉकेट काळे घ्यायचे, जाड. चकचकीत सॉकेट दिसायला छान, पण या मशीनच्या ठोक्यांनी तडकतात. आणि नट मशीनने पूर्ण आवळायचे नाहीत. शेवटचं आवळणं हातानेच, नाहीतर पुढच्या वेळी परत उड्या मारा!

वजनाकडे विनयचं लक्षच नाही. त्याने सगळ्यात ताकदवान ते वर टाकलंय, तीन किलोचं. खाली वाकून, हात लांब करून, मनगट वाकडं करून ते धरायचं कुणी? मी मनगटांची डॉक्टर आहे म्हटलं. "फिजिओथेरपिस्ट," तो म्हणाला. "होतीस."

होतीस. बरं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. खालच्या मजल्यावर सुरुचीकडे हळदीकुंकू. मयूर विहारातल्या सगळ्या मराठी बायका — त्याच साड्या, त्याच गप्पा, कुणाचा मुलगा कुठे लागला. सुरुचीने मोठ्याने जाहीर केलं, "सुनीती नोकरी करणार आता, लहान मुलांच्या सेंटरमध्ये!" सगळ्या वळल्या. एकीने विचारलं, "सासूबाईंचं कोण बघणार?" दुसरीने विचारलं, "जाणार कशी? तिकडे मेट्रो कुठे आहे?" दोन्ही प्रश्न मला तोंडपाठ आहेत. मेट्रोचं शेवटचं स्टेशन सोडलं की पुढे धड रिक्षाही मिळत नाही. रोज टॅक्सी केली तर पगार टॅक्सीलाच. म्हणून गाडी. गाडी म्हणून नट.

वाणात साबणदाणी मिळाली. आपण पुढच्या वर्षी काळे सॉकेट लुटू या, मी मनात म्हटलं आणि एकटीच हसले.

१५ जानेवारी, गुरुवार

आज किंक्रांत. आज नवीन काही घ्यायचं नाही. नाहीतरी काय घेत होतो!

१७ जानेवारी, शनिवार

आलं होतं. दारापर्यंत आलं होतं!

मागे लागून लागून मी विनयकडून एक मागवून घेतलं. लाल रंगाचं, दीड-पावणेदोन किलोचं. दुपारी बेल वाजली, मी हात पुसत धावले. डिलिव्हरीवाला खोकं पुढे करतोय आणि मागून आईंचा आवाज — "लोखंड आहे ना त्यात? शनिवारी लोखंड घरात घेत नाहीत गं."

आई म्हणजे सासूबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची खुर्ची हॉलमध्ये दाराकडे तोंड करून असते. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी म्हटलं, आई, यात अर्धं प्लास्टिक आहे. विनय आतून आला. मला वाटलं, हसेल, खोकं आत घेईल. तर त्या माणसाला म्हणाला, "भैया, वापस ले जाओ. रिफ्यूज लिख दो." गेला तो! मी दारात तशीच उभी.

"आईच्या मनाविरुद्ध कशाला? आणि मला त्याच्या बॅटरीबद्दल जरा डाउट होताच," विनय म्हणाला. उद्याच परत मागव म्हटलं. तर म्हणतो, उद्या अमावास्या. ज्या माणसाला माझा वाढदिवस फोन सांगतो, त्याला अमावास्या पाठ!

रसिका दप्तर आवरता आवरता म्हणाली, "मम्मा, यार, एक पाना हवाय तुला. एवढा ड्रामा?" नंतर विचारते, "पानाच म्हणतात ना त्याला? की पान?" दिल्लीत वाढलेली मुलगी. बोर्डाची परीक्षा तोंडावर, तिला मी काय सांगू?

१८ जानेवारी, रविवार

अमावास्या. सूर्य दिसला नाही. मीही कुणाला दिसले नाही.

२० जानेवारी, मंगळवार

आज आईंचे व्यायाम घेताना एकदम भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, तुमच्या शनिवारपायी माझं मशीन गेलं. त्या गुडघा वर धरून तशाच थांबल्या. म्हणाल्या, "अगं, मी काय परत पाठव म्हटलं? सोमवारपर्यंत जिन्यात ठेवलं असतं. आम्ही नाही का, मिक्सर आला तेव्हा शेजारी ठेवला होता? विनूनेच पाठवलं." नंतर, माझ्याकडे न बघता, "तू जा कामाला. दुपारचा वरणभात मला लावता येतो. मी काही पांगळी नाही."

रडू आलं मला. मी त्यांना इतके दिवस दाराशी बसलेला पहारा समजत होते.

संध्याकाळी विनयला म्हटलं, शुभदाताईंना एक फोन करते, सगळं ठीक आहे ना विचारते. तो म्हणाला, "सारखे फोन नको करूस. जॉइनिंगच्या आधी असं मागे लागलं की डेस्परेट दिसतं. तिचा नवरा मला मंडळात भेटतो, मी बोलेन ना." खरंच असेल. मला नोकरी शोधायची सवयच राहिलेली नाही. रसिका शाळेत जायला लागली तेव्हापासून घरीच आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

तक्त्यात आज तीन रकाने वाढले. नुसतं मशीन पुरेसं नाही, टॉर्क रेंच हवा — आवळताना नेमका दाब कळला पाहिजे. बरोबर आहे. जॅकखाली स्टँड हवेत, गाडी घसरली तर? बरोबर आहे. हवा भरायचा पंप हवा. तेही बरोबर! त्याचं एकेक वाक्य इतकं बरोबर असतं की मला भांडायला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. सगळी बरोबर वाक्यं एकावर एक रचली की भिंत होते आणि मी आत.

गाडी तरी चालवू दे, सेक्टरमधल्या सेक्टरमध्ये, हात राहायला हवा — म्हटलं. "बाकीचे टायरही एकदा चेक करून घेऊ आधी." कधी? "बघतो."

गाडीवर धूळ इतकी बसलीय की कुणीतरी काचेवर बोटाने बदाम काढलाय.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज मी गेले. कुणाला न विचारता! मेट्रोने काश्मीरी गेट. गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार तिथे, हे मला माहीत होतं. इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं. एका गल्लीत नुसती सायलेन्सरं, दुसरीत नुसते आरसे. बाई औषधाला नाही. तीन दुकानदारांनी "भाईसाहब को भेज दीजिए" म्हणून वाटेला लावलं. चौथ्याने विचारलं, "कौन सी गाड़ी है?" मी गाडी सांगितली, नटाचं माप सांगितलं, ब्रशलेस म्हटलं, वजन दोन किलोच्या आत म्हटलं. त्याने काही न बोलता तीन मशीनं काउंटरवर मांडली. कोपऱ्यात एक रिम ठोकून ठेवली होती, नट आवळलेले. "चला के देखो."

हातात घेतलं. मनगट सरळ, कोपर अंगाशी, बोट चापावर. आधी जरा घरघरलं, मग ठकठकठक आणि — सुटला! नट सुटला. दुसरा सुटला. मी हसायलाच लागले, एकटी, त्या तेलकट दुकानात. दुकानदारही हसला. कितीतरी वर्षांत माझ्या हाताने असं काही झटकन झालं नव्हतं. मला ते हिरवं मशीन हवंच होतं. तिथल्या तिथे.

कार्ड दिलं. ओटीपी आला — विनयच्या फोनवर! कार्ड त्याच्या खात्यावरचं. माझं जुनं खातं केव्हाच बंद पडलंय, केवायसीविना. त्याचा फोन आला, "हे काय चाललंय? कुठे आहेस?" सांगितलं. "तिथून नको घेऊस. बिलाचं काय, वॉरंटीचं काय? आपण नीट बघतोय ना?" मी म्हटलं, विनय, आकडा सांग. तो म्हणाला, "घरी ये. बोलू." मी परत म्हटलं, आकडा सांग. त्याने फोन ठेवला.

दुकानदार खाली बघत फडक्याने काउंटर पुसत होता. मी मशीन त्याच्याकडे सरकवलं. सॉरी म्हटलं. कुणाला म्हटलं कोण जाणे. मेट्रोत बसायला जागा मिळाली, तरी उभीच राहिले.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. सगळे घरात. टीव्हीवर परेड आणि आमच्याकडे भांडण. मी ओरडले, खूप ओरडले. रसिका खोलीतून बाहेर आली आणि परत आत गेली.

विनयने आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नाही. म्हणाला, "त्या दिवशी तू रस्त्याच्या कडेला, धुक्यात, मागे ट्रक. टॅक्सीत माझं काय झालं असेल, कधी विचार केलास? तुझ्या जिवासाठीच करतो ना मी?"

कुणी जिवासाठी करतो म्हटल्यावर पुढे बोलणारी कृतघ्न ठरते. श्रीखंड वाढलं. स्वतःची चीड आली.

२८ जानेवारी, बुधवार

उघडला!! चारही!!

सकाळी आईंचा पाय वर उचलून घेत होते आणि डोक्यात आलं — मी रोज हेच करते की. लांबून, टाचेशी धरला की जड पाय सहज उचलला जातो, गुडघ्याजवळ धरला की उचलवत नाही. मग पान्याचं काय वेगळं आहे? त्याचा दांडा आखूड आहे, एवढंच! उड्या मारून उपयोग नव्हता, दांडा लांब करायला हवा होता. बाल्कनीत कूलरच्या जुन्या स्टँडचा लोखंडी पाईप पडलेला. तो घेऊन खाली गेले. पान्याच्या टोकावर चढवला, टोकाला धरून नुसतं वजन टाकलं. कुईंऽऽ करून नट फिरला. पंक्चरवाल्याने गनने दाबून आवळलेला नट! परत आवळला, परत उघडला. सगळ्या चाकांना तसंच केलं. स्वेटरला ग्रीस लागलं, लागू दे.

म्हणजे मशीन लागतच नाही. आधीही लागत नव्हतं.

संध्याकाळी विनयला हाताला धरून पार्किंगमध्ये नेलं आणि करून दाखवलं. म्हटलं, झाली तुझी अट. चावी दे. तो नटाकडे बघत राहिला. पांढरा पडला होता जरा. ट्यूबलाइटमुळे वाटलं असेल. "पाईप घेऊन फिरणार तू?" हो म्हटलं, फिरणार. "बरं," तो म्हणाला. "थांब. मशीनच आणतो. सोमवारच्या आत आणतो." त्याने असं एका दमात कधी काही आणलेलं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

घेतलं! हिरवंच, मी म्हणत होते तेच. रविवारी येणार. शनिवार चुकवून, आई खूश. टॉर्क रेंच नाही, स्टँड नाहीत, नुसतं मशीन आणि काळे सॉकेट. तक्ता कुठे गेला विचारलं तर म्हणाला, "जाऊ दे ना तक्ता."

मी उगीच त्याला इतकं बोलले. भित्रा आहे, बाकी काही नाही. भीती वाटली की आकडे मांडत बसतो. माझ्याही लक्षात यायला हवं होतं.

पांढरा कोट धुतला. जुना आहे, पण खांद्यात अजून बसतो. रसिका म्हणाली, "वाह, डॉक्टर साहिबा!" आईंनी सोमवारसाठी डाळ काढून ठेवलीय. आत्तापासून!

१ फेब्रुवारी, रविवार

मशीन आलं. उद्या किती वाजता पोचू, एवढंच विचारायला शुभदाताईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "कुठे?" मग म्हणाल्या, "अगं, पण विनयचा फोन आला होता ना मला? ते पंक्चर झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तुझीच इच्छा नाही, सांगायला संकोच वाटतोय म्हणाला. मी ती जागा तेव्हाच भरली गं."

दुसऱ्या दिवशी. ढोकळा घेऊन आला होता.

बाहेर तो बॅटरी चार्जिंगला लावून मला हाका मारतोय — "सुनीती, ये ना, कसं धरायचं ते दाखवतो!"

येते म्हटलं. कसं धरायचं ते मला येतं.